तिसरा पेड

वेणी घालता येणाऱ्या कुणालाही विचारा. केसांचे दोनच पेड घेतले तर नुसता पीळ बसतो आणि हात सोडला की तो सुटायला लागतो. तिसरा पेड आला की वेणी धरते. डीएनएचं नेमकं उलटं आहे. तिथे दोन पेड एकमेकांना धरून निवांत नांदतात. तिसराही येतो, पण त्याच्या अटी असतात. त्या पाळल्या गेल्या नाहीत तर तो जसा आला तसा निघून जातो.

‘पण आमच्या पुस्तकात तर दोनच आहेत,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, परीक्षेत ‘डबल हेलिक्स’च लिहा, उगाच मार्क घालवू नका. पण तीन पेडांचा डीएनए, म्हणजे ट्रिप्लेक्स, ही कल्पनेतली गोष्ट नाही. अशी तिहेरी रचना टेस्ट ट्यूबमध्ये पहिल्यांदा बनली ती १९५७ साली. आपल्या जिनोममध्येही तशी रचना बनू शकेल अशा जागा आहेत. त्यातल्या एका जागेवर गडबड झाली की ऐन शाळा-कॉलेजच्या वयात मुलांचा चालताना तोल जाऊ लागतो. तिथे आपण येणारच आहोत. त्याआधी हा तिसरा पेड बसतो कुठे आणि टिकतो कशाच्या जोरावर, ते बघू.

सुरुवात एका फसलेल्या मॉडेलपासून करावी लागेल. १९५३ सालचा फेब्रुवारी महिना. लायनस पॉलिंग तेव्हा रसायनशास्त्रातला बाप माणूस होता. प्रोटीनमधला अल्फा हेलिक्स त्याने दोनच वर्षांपूर्वी मांडला होता आणि पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळणार होतं. त्याने रॉबर्ट कोरी यांच्यासोबत डीएनएची रचना प्रसिद्ध केली. तीन साखळ्या, मधल्या गाभ्यात फॉस्फेट आणि बेस बाहेरच्या बाजूला. पॉलिंगचा मुलगा पीटर तेव्हा केंब्रिजला संशोधन करत होता. त्याच्याकडून हा लेख वॉटसन आणि क्रिक यांच्या हातात पडला आणि दोघांचा जीव भांड्यात पडला. कारण पॉलिंग चुकला होता, आणि तेही अगदी एफवायच्या केमिस्ट्रीत.

चूक काय होती? डीएनएच्या नावातच ‘अ‍ॅसिड’ आहे. अ‍ॅसिड म्हणजे पाण्यात आपला प्रोटॉन सोडून देणारं. पेशीतल्या पाण्यात फॉस्फेट आपला प्रोटॉन सोडतं आणि त्याच्यावर ऋण भार येतो. पॉलिंगच्या मॉडेलमध्ये मात्र फॉस्फेटने प्रोटॉन धरून ठेवणं गरजेचं होतं, कारण गाभ्यातले हायड्रोजन बंध त्याच प्रोटॉनवर उभे होते. प्रोटॉन गेला की गाभ्यात उरतात तीन ऋण भारित साखळ्या, एकमेकींना जीव खाऊन ढकलणाऱ्या.

गंमत म्हणजे वॉटसन आणि क्रिक यांनीही १९५१च्या अखेरीस तीन साखळ्यांचंच मॉडेल बनवलं होतं, तेही फॉस्फेट आत ठेवून. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून रोझलिंड फ्रँकलिन ते बघायला आली. डीएनए भरपूर पाणी धरतो, तेव्हा फॉस्फेट बाहेरच, पाण्याच्या बाजूला असायला हवं, हे तिने दाखवून दिलं आणि ते मॉडेल गुंडाळलं गेलं. पुढे २५ एप्रिल १९५३ला ‘नेचर’मध्ये काय छापून आलं, ते तुम्हाला पाठ आहे.

हा किस्सा ‘मोठी माणसंही चुकतात’ म्हणून सांगायची पद्धत आहे. मला त्यात वेगळंच काही दिसतं. पॉलिंगचे तीन पेड ‘तीन’ होते म्हणून पडले नाहीत. ते पडले प्रोटॉनच्या हिशेबावर. हा हिशेब डोक्यात ठेवा, कारण पुढे सगळीकडे तोच चालणार आहे.

चौथ्या सीटवरचा पाहुणा

चार वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएचमध्ये गॅरी फेल्सनफेल्ड, डेव्हिड डेव्हिस आणि अलेक्झांडर रिच हे तिघे कृत्रिम आरएनएशी खेळत होते. एका साखळीत नुसते ए, दुसऱ्या साखळीत नुसते यू. (यू म्हणजे युरासिल, आरएनएमधला टीचा भाऊ.) दोन्ही मिसळल्या की त्यांची जोडी जमते आणि अतिनील प्रकाश शोषून घेण्याचं प्रमाण घटतं. बेस एकावर एक रचले गेले की असं होतं. ही घट कोणत्या प्रमाणाला सर्वात जास्त होते ते बघायचं, एवढा साधा प्रयोग. एकास एक या प्रमाणाला ती सर्वात जास्त दिसली, म्हणजे दुपेडी रचना. मग त्यांनी त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड टाकलं आणि आकडा सरकला. आता सर्वात मोठी घट एका ए मागे दोन यू असताना दिसू लागली. दुसरी यू साखळी कुठेतरी येऊन बसली होती.

कुठे, याचं उत्तर कार्स्ट हूगस्टीन या क्रिस्टलोग्राफरच्या कामातून मिळालं. त्याने १९५९ मध्ये अ‍ॅडेनिन आणि थायमिनच्या छोट्या रेणूंचा एकत्र स्फटिक बनवून त्यांची जोडी बघितली. ती वॉटसन-क्रिक पद्धतीने जुळलेलीच नव्हती. थायमिन अ‍ॅडेनिनच्या दुसऱ्याच कडेला चिकटलं होतं.

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. ए आणि जी हे प्युरिन, म्हणजे दोन कड्यांचे मोठे बेस. टी आणि सी हे पिरिमिडिन, एका कड्याचे, लहान. नेहमीच्या जोडीत ए आपली एक कड टीला देतो. पण ए मोठा असल्यामुळे त्याची आणखी एक कड रिकामी राहते आणि ती डीएनएच्या रुंद खाचेत उघडी असते. हेलिक्सच्या चित्रात एक अरुंद आणि एक रुंद खाच दिसते ना, त्यातल्या रुंद खाचेत. तिथे ए जवळ हायड्रोजन देणारी एक जागा आहे आणि घेणारी एक. टीला एवढं पुरतं. दुसरा टी येतो, दोन हायड्रोजन बंध बांधतो आणि बसतो. मूळ जोडी हललेलीसुद्धा नसते.

मुंबईकरांना हे लगेच कळेल. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा येऊन बसतो तेव्हा आधीच्या कुणाला उठावं लागत नाही. जरा सरकायचं, याने कडेला टेकायचं. तिसरा पेड असाच रुंद खाचेत टेकून बसतो. वेणीसारखा तो आत-बाहेर गुंफला जात नाही. आणि चौथ्या सीटवाल्याइतकाच तो बेभरवशाचा असतो. जरा धक्का बसला की सगळ्यात आधी तोच उठतो.

हा धक्का प्रयोगशाळेत खरोखर बघता येतो. ट्रिप्लेक्स असलेलं द्रावण हळूहळू तापवायचं आणि २६० नॅनोमीटरला शोषण मोजत जायचं. साध्या डीएनएचा आलेख एकदाच चढतो. ट्रिप्लेक्सचा बहुतेक वेळा दोन पायऱ्यांनी चढतो. पहिल्या पायरीवर तिसरा पेड सुटतो आणि दुसऱ्या, जास्त तापमानाच्या पायरीवर उरलेले दोघे वेगळे होतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर म्हणजे पाहुणा घरच्यांपेक्षा किती कच्चा आहे, त्याचं माप.

एका प्रोटॉनची किंमत

ए चं निभावलं. जी चं काय? जी च्या रिकाम्या कडेवर दोन्ही जागा हायड्रोजन घेणाऱ्या आहेत, देणारी एकही नाही. त्याच्यापाशी सी येऊन बसायला बघतो तेव्हा पंचाईत होते. सी जवळ देण्यासारखी जागा एकच. दुसरा बंध बांधायचा तर सीला बाहेरून एक प्रोटॉन उसना घ्यावा लागतो. तो मिळाला की सी धन भारित होतो आणि मग दोन बंध व्यवस्थित बसतात.

उसना प्रोटॉन मिळणार कुठे? आम्ल द्रावणात. सुट्या सायटोसिनचा पीकेए साधारण ४.५ आहे, म्हणजे त्या पीएचला निम्मे सी प्रोटॉन बाळगून असतात. पेशीतला पीएच सुमारे ७.२. पीएच ५.५च्या बफरमध्ये झकास टिकणारा ट्रिप्लेक्स ७.२ला डळमळतो, याचं कारण हे. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पीएच लॉगरिदमिक असतो. ५.५ वरून ७.२ वर गेलात की प्रोटॉन पन्नास पटींनी कमी होतात. आजूबाजूच्या फॉस्फेटच्या ऋण भारामुळे ट्रिप्लेक्समधला सी आपला प्रोटॉन सुट्या सीपेक्षा घट्ट धरतो हे खरं, पण तेवढ्याने दर वेळी भागत नाही.

म्हणजे बघा, प्रोटॉन सुटतो म्हणून पॉलिंगचा तिपेडी डीएनए कोसळला आणि प्रोटॉन धरला जातो म्हणून हा तिपेडी डीएनए उभा राहतो. फक्त पॉलिंगने तो फॉस्फेटवर शोधला होता आणि तो होता सायटोसिनवर.

आणखी एक अट आहे आणि ती बरीच जाचक आहे. तिसऱ्या पेडाला बसायला प्युरिनची सलग ओळ लागते, म्हणजे एकाच पेडावर ए आणि जी, ए आणि जी असेच पंधरा-वीस बेस. मध्येच टी किंवा सी आला की त्यांच्या बाजूने खाचेत धरायला एखादीच जागा मिळते. मग तिसऱ्या पेडाला खाच ओलांडून पलीकडच्या प्युरिनकडे उडी मारावी लागते आणि तेवढा त्याचा कणा लवत नाही. एक चुकीचं अक्षर चालून जातं, पण पकड लगेच सैल होते. शिवाय सी शेजारी शेजारी आले तरी त्रास, कारण धन भारित सी एकमेकांना ढकलतात. म्हणजे प्रोटॉन मिळाला तरी तो कुणाच्या शेजारी मिळाला, तेही बघायचं.

आम्लाची कटकट टाळायचा एक मार्ग निसर्गातच आहे. तिसरा पेड पिरिमिडिनचा न घेता प्युरिनचा घ्यायचा, म्हणजे ए आणि जी चा. तो उलट्या दिशेने बसतो आणि त्याला प्रोटॉन लागत नाही. पण मॅग्नेशियम लागतं. आणि त्यात जी फार असले तर नवीनच भानगड होते. पेशीत पोटॅशियम मुबलक असतं आणि पोटॅशियम दिसलं की जी-बहुल साखळ्या आपसातच चौपदरी घडी घालून बसतात. पाहुणा दारात यायच्या आधीच स्वतःच्या चपलांच्या नाड्यांत अडकला, असं समजा.

मॅग्नेशियमचं महत्त्व १९५७च्या प्रयोगात दिसलंच होतं. त्याचं कारण साधं आहे. दोन ऋण साखळ्या मुळातच एकमेकींना ढकलत असतात, त्यात तिसरी आणून बसवायची म्हणजे कुणीतरी मध्ये पडून समजूत घालायला हवी. मॅग्नेशियमचा आयन दुहेरी धन भाराचा, तो हे काम करतो. पेशीत आणखी एक चांगला मध्यस्थ असतो, स्पर्मिन. लांबुळका, लवचिक आणि चार धन भारांचा रेणू. (नाव कशावरून पडलं ते ओळखलं असेलच. वीर्यात दिसणाऱ्या त्याच्या स्फटिकांची नोंद लेव्हेनहूकने सतराव्या शतकात केली होती.)

आता पुण्यात येऊ. पाषाणच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत, आपल्या एनसीएलमध्ये, कृष्णा एन. गणेश आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकात या प्रश्नाला सरळ हात घातला. हेच गणेश पुढे २००६ मध्ये आयसर पुणेचे पहिले संचालक झाले. त्यांची कल्पना अशी: स्पर्मिन द्रावणात मोकळं सोडण्याऐवजी तिसऱ्या पेडातल्या सीलाच रासायनिक बंधाने जोडून टाकायचं. मध्यस्थाला पाहुण्याच्या खिशातच बसवायचं म्हणा ना. १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं की असा पेड शरीरातल्या पीएचलाही ट्रिप्लेक्स बनवतो. आणि गंमत ही, की नेहमी ज्या जागी सीला उसना प्रोटॉन लागतो, तिथे इथे प्रोटॉन चढतच नाही. एक बंध कमी पडला तर पडला, स्पर्मिनच्या धन भारांनी ती कसर भरून काढली. बी.एस्सी.ला ‘ऑरगॅनिक म्हणजे नुसत्या रिअ‍ॅक्शन्स पाठ करणं’ असं वाटत असेल, तर हा पेपर काढून वाचा. एका रेणूला शेपूट जोडून पीएचचा प्रश्न कसा सोडवतात, ते त्यात दिसतं.

याहून साधी युक्ती म्हणजे सायटोसिनवर एक मिथाइल गट लावायचा. आपल्या पेशी स्वतःच डीएनएवर असे मिथाइल गट लावत असतात. तेवढ्यानेही साधारण उदासीन पीएचपर्यंत तग वाढतो. आणि सगळ्यात टोकाची युक्ती १९९१ मध्ये कोपनहेगनमध्ये पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी केली. त्यांनी साखर आणि फॉस्फेटचा कणाच काढून टाकला आणि त्या जागी प्रोटीनसारखा, भार नसलेला कणा घातला. या रेणूला पीएनए म्हणतात. ऋण भारच नाही, म्हणजे ढकलाढकलीही नाही. तो रुंद खाचेत शहाण्यासारखा बसेल अशी अपेक्षा होती, पण तो निघाला दांडगट. दोन पीएनए साखळ्या मिळून डीएनएच्या एका पेडाला मध्ये घ्यायच्या, त्याच्याशी तिहेरी रचना करायच्या आणि दुसऱ्या पेडाला चक्क बाहेर काढायच्या. चौथ्या सीटवरून थेट खिडकीत.

तीन पेडांचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा. कोलॅजेनचा ट्रिपल हेलिक्स, जो जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मद्रासमधून मांडला, तो प्रोटीनचा. आपल्या त्वचेत आणि हाडांत तो भरलेला आहे. त्याचा आणि डीएनएच्या ट्रिप्लेक्सचा संबंध फक्त ‘तीन’ या आकड्यापुरता. व्हायवात गल्लत करू नका.

रामाला भाला मारा

आतापर्यंत तिसरा पेड बाहेरून येत होता. पण पेशीत बाहेरून आणून देणारं कोण बसलंय? तिथे डीएनए स्वतःचाच एक पेड दुमडून तिसरा म्हणून वापरतो.

त्यासाठी अनुक्रम कसा लागतो ते कळायला आपली ‘रामाला भाला मारा’ किंवा ‘चिमा काय कामाची’ ही वाक्यं आठवा. उलटी वाचली तरी तीच. आता तुम्ही म्हणाल, पॅलिन्ड्रोम आम्हाला माहीत आहे, रिस्ट्रिक्शन एन्झाइमच्या धड्यात होता. पण तो वेगळा. तिथला जी-ए-ए-टी-टी-सी हा एका पेडावर सरळ आणि समोरच्या पेडावर उलट दिशेने सारखा वाचला जातो. इथे लागतो तो मराठीतल्यासारखा अस्सल पॅलिन्ड्रोम, एकाच पेडावर दोन्हीकडून सारखा: ए-जी-जी-ए-ए-ए-जी-जी-ए. म्हणजे आरशातली प्रतिमा. आणि अर्थातच सगळे प्युरिन.

अशा जागेचा अर्धा भाग उघडतो, त्यातला पिरिमिडिनचा पेड मागे वळतो आणि उरलेल्या अर्ध्या भागाच्या रुंद खाचेत जाऊन बसतो. त्याचा जुना जोडीदार एकटाच बाहेर लोंबत राहतो. याला एच-डीएनए म्हणतात. त्यातला ‘एच’ हायड्रोजनचा, म्हणजे परत आपला तोच प्रोटॉन. मॉस्कोत मॅक्सिम फ्रँक-कामेनेत्स्की, सर्गेई मिर्किन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याची छान तपासणी केली. आरशाची सममिती मोडेल असं एखादं अक्षर बदललं की एच-डीएनए बनायला जड जायचं. दोन्ही बाजूंनी जुळते बदल करून सममिती सांभाळली की पुन्हा सहज बनायचं. अक्षर कोणतं यापेक्षा ते आरशात जुळतं की नाही, यावर सगळं होतं.

पण सुखाने जोडीत बसलेल्या पेडाने उठून हा उद्योग करावाच कशाला? ताणामुळे. पेशीतला डीएनए पीळ उलगडण्याच्या दिशेने ताणलेला असतो. इस्त्रीची वायर पिळत गेली की ती मध्येच उसळी घेऊन गाठ मारते, तसं काहीसं. जीन वाचणारं एन्झाइम डीएनएवरून सरकतं तेव्हा त्याच्या मागे हा ताण आणखी वाढतो. एच-डीएनए बनला की तेवढ्या भागातला पीळ सुटतो आणि ताण हलका होतो. म्हणजे जीन जिथे जोरात वाचली जात असते, नेमकी तिथेच ही घडी पडायची शक्यता जास्त.

आणि आता ती जागा, जिचा सुरुवातीला उल्लेख केला होता.

नवव्या क्रोमोसोमवर फ्रॅटॅक्सिन नावाच्या प्रोटीनची जीन आहे. हे प्रोटीन मायटोकॉन्ड्रियात लागतं. या जीनच्या पहिल्या इन्ट्रॉनमध्ये जी-ए-ए, जी-ए-ए अशी तीन अक्षरं ओळीने येतात. तुमच्या-माझ्यात बहुधा तीस-बत्तीस वेळांच्या आत. काही जणांमध्ये मात्र ही पुनरावृत्ती वाढून शेकड्यांत गेलेली असते, कधी हजाराच्याही वर. आईकडून आणि वडिलांकडून अशी वाढलेली प्रत आली की फ्रिडरीक अटॅक्सिया होतो. हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रिडरीक या डॉक्टरने हा आजार १८६३ मध्ये नोंदवला आणि त्याची जीन सापडली १९९६ मध्ये. आई-वडील दोघंही ठणठणीत असतात, कारण त्यांच्याकडे एक प्रत चांगली असते. मूल साधारण पाच ते पंधरा वर्षांचं असताना चालण्यात फरक पडू लागतो. आधी अडखळणं, मग तोल जाणं, बोलणं जड होणं, पाठीच्या कण्याला बाक, आणि हृदयाचे स्नायू जाड होणं. काही वर्षांत व्हीलचेअर लागते. बुद्धी मात्र शाबूत असते. सगळं कळत असतं.

इथे विचार करण्यासारखं हे, की या बहुतेक रुग्णांच्या फ्रॅटॅक्सिनमध्ये काहीही चूक नसते. वाढलेला मजकूर इन्ट्रॉनमध्ये आहे, तो प्रोटीनमध्ये उतरतच नाही. प्रोटीन अगदी बरोबर बनतं, पण फार कमी बनतं. का? जी-ए-ए हे सगळे प्युरिन. ओळीने आले की ते आरशातही जुळतात: जी-ए-ए-जी-ए-ए-जी, कुठूनही वाचा. ट्रिप्लेक्सच्या सगळ्या अटी एका झटक्यात पूर्ण. ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट वेल्स यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये दाखवलं की ही लांब पुनरावृत्ती प्युरिनवाल्या प्रकारचा ट्रिप्लेक्स बनवून स्वतःलाच चिकटते. त्यांनी तिला नावच ‘स्टिकी डीएनए’ दिलं. प्युरिनवाला प्रकार म्हणजे आम्लाची अटही गळाली. जीन वाचणारं एन्झाइम तिथे येऊन अडकतं. शिवाय त्या भागातलं क्रोमॅटिन आवळलं जाऊन जीन बंद पडते. यातला दोष कुणाकडे किती जातो यावर संशोधक अजून वाद घालतात, आणि दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालत असाव्यात असं मानणारेही बरेच आहेत.

लहान पुनरावृत्ती सगळ्यांमध्येच आहे आणि ती गप्प बसते. लांबी वाढली की तीच अक्षरं घडी घालू लागतात.

तिसरा पेड म्हणजे खलनायकच, असं मात्र समजू नका. पेशी त्याला कामालाही लावते. मॅलॅट-१ नावाचा एक लांब आरएनए आहे. बहुतेक मेसेंजर आरएनएच्या शेवटाला ए ची लांब शेपटी जोडलेली असते, तशी याला नसते. तरी तो पेशीत भरपूर टिकून राहतो. शेवटच्या टोकाजवळची यू ची दोन टोकं आणि ए ची एक पट्टी मिळून तिहेरी गाठ मारतात आणि आरएनए कुरतडणाऱ्या एन्झाइमना ते टोक सापडतच नाही. २०१४ मध्ये या गाठीची स्फटिकरचना मिळाली. १९५७ मध्ये तिघांनी कृत्रिम साखळ्यांमध्ये बघितलेलं एक ए आणि दोन यूचं गणित पेशी आपलं आपणच करत होती.

औषधांचं म्हणाल तर इथे नव्वदच्या दशकात मोठा गाजावाजा झाला होता. १९८७ मध्ये कॅलटेकमध्ये पीटर डर्व्हन आणि हाइन्झ मोझर यांनी तिसऱ्या पेडाला लोखंडाचा एक गट जोडून डीएनए हव्या त्या ठिकाणी कापून दाखवला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोद एलेन यांच्या गटानेही तिसरा पेड ठरावीक जागी नेमका बसवून दाखवला. सहा अक्षरं ओळखणारी एन्झाइम कात्री सरासरी ४,०९६ अक्षरांमागे एक जागा शोधते. पंधरा अक्षरांचा तिसरा पेड सरासरी १०७ कोटी अक्षरांमागे एक. नको असलेल्या जीनवर असा पेड बसवून तिचं तोंड बंद करायचं, ही कल्पना तेव्हा हातातोंडाशी आल्यासारखी वाटली होती. तसं झालं नाही. प्युरिनची ओळ हवी तिथे नसते, पेशीत प्रोटॉन कमी पडतात आणि क्रोमॅटिनमध्ये गुंडाळलेल्या डीएनएपर्यंत पोचणंही अवघड. मग क्रिस्पर आलं आणि सगळे तिकडे पळाले. तरी वाट पूर्ण बंद झालेली नाही. २०१६ मध्ये येल आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी बीटा थॅलेसेमिया असलेल्या उंदरांना तिहेरी रचना करणारे पीएनए नॅनोकणांतून दिले आणि पेशीच्या स्वतःच्या दुरुस्ती यंत्रणेकडून जीन सुधारून घेतली. उंदरांचं हिमोग्लोबिन नॉर्मल पातळीवर आलं. हे अजून उंदरांपुरतंच आहे, हेही लक्षात ठेवा.

फ्रिडरीक अटॅक्सियावर पहिलं औषध, ओमाव्हेलोक्सोलोन, अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, सोळा वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. ते आजाराचा वेग कमी करतं, पण जी-ए-एच्या ओळीला हात लावत नाही. त्या ओळीशी थेट भिडण्याचा एक प्रयत्न जोएल गॉट्सफेल्ड आणि तेच कात्रीवाले पीटर डर्व्हन यांनी केला. त्यांनी तिसरा पेड हुसकावून लावण्याचा नादच सोडला. जी-ए-ए ओळखून अरुंद खाचेत बसणारे पॉलिअमाइड नावाचे छोटे रेणू बनवले, जे मूळच्या दोन पेडांची जोडीच पक्की करतात. २००६ मध्ये त्यांनी रुग्णांच्या पेशींवर ते वापरून बघितले. जोडी सुटली नाही, त्यामुळे घडीही पडली नाही आणि पेशी जास्त फ्रॅटॅक्सिन बनवू लागल्या.